हा मासा नक्की कोणता? दक्षिण अमेरिकन सिक्लिड ओळखणं आणि घरच्या टाकीत त्यांची पिल्लं वाढवणं

पावसाळा लागला की ठाण्यातल्या मासे पाळणाऱ्या ओळखीच्यांचे मला फोन यायला लागतात. "काका, टाकीतल्या पानावर राजगिऱ्याच्या दाण्यांसारखं काहीतरी चिकटलंय." दोन दिवसांनी त्याच घरातून दुसरा फोन: "सगळी पांढरी पडली हो." आणि कधीकधी तिसरा: "मोठ्याने छोट्याला मारून टाकलं." प्रत्येक वेळी माझा पहिला प्रश्न एकच असतो, मासा कोणता? आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "दुकानदार चिचलिड म्हणाला होता."

ठाणे स्टेशनवर "कुठल्या गाडीत बसलायस?" विचारल्यावर कुणी "लोकलमध्ये" म्हणावं, तसं हे उत्तर आहे. कर्जतची, कसाऱ्याची की पनवेलची, हे कळल्याशिवाय तो माणूस कुठे पोहोचणार ते सांगता येत नाही. माशांचंही तसंच. पाणी कोणतं द्यायचं, सोबतीला कोण ठेवायचं, अंडी कुठे घातली जातील, ती सांभाळणार कोण, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. म्हणून या लेखात आधी ओळख, मग पैदास.

## सिक्लिड तुम्ही आधीच पाहिलेला आहे

सिक्लिड हे एका जातीचं नाव नाही, माशांच्या अख्ख्या कुळाचं नाव आहे. (दुकानांत चिचलिड म्हणतात, मूळ उच्चार सिक्लिड.) आजवर या कुळातल्या १७०० च्या वर जातींची नोंद झाली आहे. आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण आणि मध्य अमेरिका, आणि थोड्या आपल्याकडेही. केरळचा करीमीन हा आपला देशी सिक्लिड. बाजारात स्वस्त मिळणारी चिलापी हीसुद्धा सिक्लिडच, ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली गेली.

या कुळाच्या दोन खुणा घरबसल्या पाहता येतात. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना थुतराच्या प्रत्येक बाजूला नाकपुडीची दोन छिद्रं असतात, सिक्लिडला एकच. दुसरी खूण अंगावरच्या रेघेची. माशाच्या कुशीवरून बारीक छिद्रांची एक ओळ जाते, तिने त्याला पाण्यातली हालचाल कळते. सिक्लिडमध्ये ही ओळ मध्येच तुटते आणि थोडी खाली उतरून शेपटीपर्यंत पुढे जाते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढला की दोन्ही दिसतात.

## दुकानातल्या मिश्र टाकीसमोर

खरी अडचण पुढे आहे. दुकानात एकाच टाकीवर "मिक्स चिचलिड" अशी चिठ्ठी असते, आणि आत तीन खंडांतले मासे कोंबलेले असतात. निळेजर्द, पिवळेधमक, दिवसभर दगडांभोवती पळणारे बहुधा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. उभे काळे पट्टे असलेला कॉन्व्हिक्ट आणि ठिपक्यांचा जॅक डेम्प्सी मध्य अमेरिकेतले. फ्लॉवरहॉर्न आणि गोल तोंडाचा पॅरट हे निसर्गात कुठेच नाहीत, माणसाने वेगवेगळ्या जातींच्या संकरातून केलेले आहेत. यांतला एकही दक्षिण अमेरिकन नाही, तरी मला येणाऱ्या निम्म्या फोटोंत हेच असतात.

मग दक्षिण अमेरिकन कोणते? त्रिकोणी अंगाचा, लांब परांचा अँजेल ओळखायला कुणाची मदत लागत नाही. डिस्कस ताटलीसारखा गोल. ऑस्कर लहानपणी काळपट असतो, अंगावर पांढऱ्या-नारिंगी वेड्यावाकड्या रेघा, आणि मोठा होताना शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका उमटतो. त्याच्या शास्त्रीय नावातला 'ओसेलेटस' हा शब्द या ठिपक्यावरूनच आला. बोटभर ऑस्कर बघून घरी आणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, हा तीस सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि दहा वर्षं सहज जगतो. "टाकी छोटी ठेवली की मासा छोटाच राहतो," असं ऐकवणारे भेटतात. तो छोटा राहत नाही, खुरटतो आणि लवकर मरतो. एका ऑस्करला निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी हवी. तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन अडीचशे किलो. फ्लॅटमध्ये ती भिंतीलगतच ठेवा.

सर्वांत जास्त गोंधळ ग्रीन टेरर आणि ब्लू अकारा यांचा होतो. दोन इंचांचे असताना दोघे भाऊ वाटतात: राखाडी अंग, गालावर निळ्या रेघा, कुशीवर काळा डाग. ग्रीन टेरर वाढू लागला की शेपटीच्या आणि पाठीच्या पराच्या कडेला पांढरी किंवा नारिंगी किनार स्पष्ट होते, आणि नराच्या कपाळावर टेंगूळ येतं. तो चांगलाच मोठा आणि दांडगा होतो. ब्लू अकारा साधारण १५ सेंटीमीटरवर थांबतो आणि त्या मानाने शांत असतो. घणसोलीच्या एका ओळखीच्या कुटुंबाने अकारा म्हणून आणलेल्या चारांतला एक टेरर निघाला, वर्षभरात टाकीत तो एकटाच उरला.

छोट्यांमध्ये रॅम आणि अपिस्टोग्रामा. रॅम पाचसहा सेंटीमीटरचा, डोळ्यातून उभी काळी पट्टी, अंगावर निळी चमक. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला. त्याचा बोलिव्हियातला चुलतभाऊ रंगाने फिका पण प्रकृतीने कणखर. अपिस्टोग्रामा लांबोडका, डोळ्यापासून शेपटीपर्यंत आडवी काळी रेघ. जिओफॅगस तर वागण्यावरूनच कळतो: वाळूचा घास तोंडात घ्यायचा, चाळायचा, कल्ल्यांतून सोडायचा. आपल्याकडे सूप पाखडतात तसं. त्याच्या टाकीत धारदार खडी घालू नका, बारीक वाळूच लागते.

फुगवलेल्या अंगाचे 'बलून' रॅम आणि अंगावर रंग टोचलेले मासे मात्र घेऊ नका. पहिल्यात कणाच वाकडा असतो, दुसऱ्यात जिवंत माशाला जखमा केलेल्या असतात.

## गाव कळलं की पाणी कळतं

निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५३ साली ॲमेझॉन खोऱ्यातल्या नद्यांची पाण्याच्या रंगावरून विभागणी केली: पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या. अँडीजचा गाळ वाहून आणणारी ॲमेझॉन पांढरी, म्हणजे गढूळ. शिंगू आणि तापाजोस यांसारख्या नद्या निळ्या, म्हणजे स्वच्छ. आणि रिओ नेग्रो काळी, कोऱ्या चहासारखी, कारण जंगलातला पालापाचोळा तिच्यात मुरत राहतो. या काळ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ते आम्लधर्मी असतं.

इथे दोनच शब्द लक्षात ठेवायचे. पाण्याचा जडपणा म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. पीएच म्हणजे पाणी आंबट बाजूचं की चुन्याच्या बाजूचं ते सांगणारा आकडा: ७ मधोमध, खाली आम्ल, वर अल्क. मलावीच्या माशांना जड आणि आठच्या आसपास पीएचचं पाणी मानवतं. ॲमेझॉनचे बहुतेक मासे त्याच्या उलट टोकाला असतात. मिश्र टाकीत या दोघांपैकी कुणीतरी सतत चुकीच्या पाण्यात असतो.

आपलं पाणी कसं? नवी मुंबईला खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून पाणी येतं, ठाण्याच्या पाण्याचा मोठा आधार भातसा. दोन्ही सह्याद्रीवर पडलेला पाऊसच. सिक्लिड पाळणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगली बाजू आहे, नळाचं पाणी फार जड नसतं. पण घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांत टँकर येतो, काही ठिकाणी बोअरचं पाणी त्याच टाकीत मिसळतं, आणि तुमच्या नळाला येणारं पाणी शेजारच्या इमारतीपेक्षा वेगळं असू शकतं. आरओ बसवणाऱ्याकडे असतो तो टीडीएस मीटर अंदाज देतो, पण तो सगळेच विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. पाण्यात मीठ टाकलं तरी त्याचा आकडा चढतो, जडपणा मात्र तेवढाच राहतो. जडपणा मोजायला थेंब टाकून रंग बदलणारं किट मिळतं, तेच वापरा.

पाणी मऊ करायचं असेल तर नळाच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळणं हा सरळ उपाय. लिंबू पिळणं किंवा पीएच उतरवणाऱ्या बाटल्या ओतणं नको. त्याने आकडा आज उतरतो, उद्या चढतो, आणि माशाला चुकीच्या आकड्यापेक्षा हे हेलकावे जास्त मारतात.

एक गोष्ट मात्र आपल्या रस्त्यांवर फुकट पडलेली असते: देशी बदामाची पानं. हेच पान जगभरातले मासे पाळणारे पाकिटातून विकत घेतात. झाडावरून आपोआप गळालेलं, लालसर तपकिरी, कोरडं पान घ्या. रहदारीच्या रस्त्यावरचं किंवा फवारणी झालेल्या बागेतलं नको. धुवा, आणि साठ लिटरला एकदोन पानं सोडा. पाणी चहासारखं होतं, लाजरे मासे बाहेर येतात, बुरशीला थोडा आळा बसतो. जड पाणी याने मऊ होत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

## "पण माझे अँजेल तर नळाच्या पाण्यात मजेत आहेत"

असतीलच. आपल्याकडे विकले जाणारे अँजेल ॲमेझॉनमधून येत नाहीत. चेन्नईचं कोळत्तूर, कोलकात्याचा परिसर अशा ठिकाणच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले असतात, मध्यम पाणी त्यांना चालतं आणि त्यात ते अंडीही घालतात. पण जगणं वेगळं आणि अंडी फळणं वेगळं. रॅम आणि डिस्कसच्या बाबतीत हा फरक ठळक दिसतो: जड पाण्यात जोडी अंडी घालते, सांभाळते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेक अंडी पांढरी होतात, म्हणजे वाया जातात. एवढंच कारण असेल तर पाणी मऊ करून पुढची खेप बघा.

## टाकीला विरजण लावा

माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य आणि पाणी बदलून काढून टाकता येतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात, त्यांना जमायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला दही लागायला विरजण लागतं तसं एखाद्या निरोगी, जुन्या टाकीच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, वेळ खूप वाचतो. तो स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. बदलायचं पाणीही अँटिक्लोरीनचे थेंब घालून किंवा हवा सोडत दिवसभर ठेवूनच भरा.

## नर कोण, मादी कोण

रॅममध्ये बऱ्यापैकी सोपं आहे. मादीचं पोट गुलाबी होतं, नराच्या पाठीच्या पराचे पुढचे काटे लांब असतात. अपिस्टोग्रामाची मादी लहान, आणि अंडी घातल्यावर हळदीसारखी पिवळी. ऑस्कर आणि अँजेलमध्ये मात्र बाहेरून ओळखणं जवळपास अशक्य. अंडी घालायच्या आधीच्या एकदोन दिवसांत पोटाखाली छोटी नळी बाहेर येते: नराची बारीक टोकदार, मादीची जाड आणि बोथट. तेवढीच खात्रीची खूण.

म्हणून अँजेलची "तयार जोडी" म्हणून दोन मासे घेण्यापेक्षा सहा पिल्लं घ्या आणि त्यांना आपापली जोडी जमवू द्या. माझ्याकडच्या पहिल्या जोडीने आठ महिने दर दोन आठवड्यांनी टाकीत टेकवून ठेवलेल्या दगडी पाटीवर अंडी घातली, दोघांनी मिळून पंख्यासारखे पर हलवत ती राखली, आणि प्रत्येक खेप पांढरी पडली. मी पाण्यात दोष शोधत बसलो. एका संध्याकाळी बसून पाहिलं तेव्हा कळलं, दोघी आळीपाळीने अंडी घालत होत्या. दोन माद्यांची जोडी जमणं अँजेलमध्ये नेहमीचं आहे. अंडी नेहमीपेक्षा दुप्पट दिसली तर आधी हाच संशय घ्या.

## अंडी घालायच्या तऱ्हा

उघड्यावर घालणारे: अँजेल उभ्या पानावर किंवा टेकवून ठेवलेल्या पाटीच्या तुकड्यावर, रॅम सपाट दगडावर, ऑस्कर मोठ्या दगडावर, एका वेळी हजाराच्या वर. आईबाप दोघेही राखण करतात. जोडीसाठी वेगळी टाकी हवी. अँजेलला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे ८५ लिटरची पुरते. अँजेलची अंडी अडीच दिवसांत फुटतात. पिल्लं आधी शेपटी वळवळत चिकटून राहतात आणि आणखी पाचेक दिवसांनी पोहायला लागतात.

बिळात घालणारे: अपिस्टोग्रामा. नारळाची अर्धी करवंटी उपडी ठेवून कडेला बोटभर खाच पाडली की घर तयार. राखण आई करते, नर बाहेरची हद्द बघतो. पिवळी झालेली मादी आपल्या दुप्पट आकाराच्या नराला हुसकावताना दिसली तर घाबरू नका, त्याला लपायला जागा मात्र हवी. या माशाची एक विलक्षण गोष्ट अशी की अनेक जातींत पिल्लं नर होणार की माद्या, हे सुरुवातीच्या आठवड्यांतल्या तापमानावरही ठरतं. पाणी गरम तर नर जास्त. ठाण्याच्या मे महिन्यात टाकी ३१ अंशांवर जाते, त्या खेपेत माद्या शोधाव्या लागतात. दोन्ही हवे असतील तर ही पैदास हिवाळ्यात, २६ अंशांच्या आसपास करा.

तोंडात सांभाळणारे: जिओफॅगसच्या काही जाती. धोका वाटला की पिल्लं आईच्या तोंडात शिरतात.

आणि डिस्कस या सगळ्यांत वेगळा. पोहायला लागलेली पिल्लं आईबापाच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव खातात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की अंडी घालण्याच्या सुमारास या स्रावात प्रथिनं वाढतात, आणि पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की आईबाप त्यांच्यापासून दूर जायला लागतात. दूध तोडण्याची ही माशांमधली रीत मी पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी जेवायचं विसरलो होतो. डिस्कसच्या पिल्लांना म्हणूनच आईबापांपासून वेगळं करून वाढवणं फार कठीण जातं.

पावसाळ्यात फोन का वाढतात, याचंही उत्तर इथेच आहे. ॲमेझॉनमध्ये पाऊस म्हणजे थंड, मऊ पाणी आणि मुबलक खाणं. घरीही आठवडाभर चांगलं खाऊ घालून मग टाकीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, दोनेक अंश थंड, मऊ पाणी बदललं की जोडी दगड चाटूनपुसून साफ करायला लागते.

## इतके चांगले आईबाप, मग अंडी खातात का?

बहुतेकदा तीन कारणं असतात. पहिल्या खेपांत नवी जोडी चुकते, पाचसहा वेळा वाट बघावी. अंडी फळलेलीच नसली तर ती सडण्याआधी खाणं हे त्यांच्या दृष्टीने स्वच्छताच. आणि तिसरं कारण आपण: सारखा दिवा लावणं, काचेवर बोट टेकवणं, पाहुण्यांना दाखवणं. रात्री एक मंद दिवा चालू राहू द्या, टाकीच्या तीन बाजूंना कागद लावा, आणि चार दिवस लांबून बघा. पिढ्यान्‌पिढ्या अंडी काढून वेगळी वाढवलेल्या अँजेलमध्ये राखण करण्याची वृत्तीच कमकुवत झालेली दिसते. तिथे पाटी उचलून वेगळ्या टाकीत ठेवणं आणि अंड्यांशेजारून हवेचे बुडबुडे सोडणं हाच मार्ग राहतो.

## पिल्लांचं पहिलं जेवण

उकडलेल्या अंड्याचा बलक घालू नका, दोन तासांत पाणी नासतं. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, त्याची अंडी दुकानात डबीत मिळतात. एक लिटर पाणी, २५ ग्रॅम खडेमीठ, त्यात चिमूटभर अंडी, खालून हवा आणि वरून दिवा. आपल्या हवेत २४ ते ३० तासांत नारिंगी ठिपके पोहताना दिसतात. गाळून, गोड्या पाण्याने धुऊन दिवसातून चारपाच वेळा थोडेथोडे द्या. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली म्हणजे खाल्लं. रॅमची पिल्लं इतकी बारीक असतात की पहिले काही दिवस त्यांना याहून लहान खाणं, मायक्रोवर्म (बारीक कृमी) किंवा इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) लागतं. फिल्टर स्पंजचाच हवा, मोटारवाला पिल्लं ओढून घेतो. आणि लाइट गेली तर चालेल असा बॅटरीचा हवेचा पंप आधीच आणून ठेवा.

## दोनशे पिल्लं झाली, आता?

हा प्रश्न अंडी दिसल्यावर नाही, जोडी आणण्याआधी विचारायचा. सहा ते आठ आठवड्यांत अँजेलची पिल्लं नाण्याएवढी होतात आणि त्यांना जागा लागते. जवळच्या दुकानदाराशी आधी बोलून ठेवा. पैसे फारसे मिळत नाहीत, बदल्यात खाणं किंवा सामान मिळतं. ऑस्करच्या हजार पिल्लांना घेणारं मात्र कुणी सापडत नाही.

मग कुणीतरी म्हणतं, तलावपाळीला सोडून देऊ, मोकळे तरी होतील. उपवन, कचराळी, नवी मुंबईतले धारण तलाव, सगळीकडे हे होतं. सोडणाऱ्याच्या मनात दया असते, हे मला माहीत आहे. पण पनामातल्या गातून सरोवरात १९६७ च्या सुमारास पीकॉक बास शिरला, तोही दक्षिण अमेरिकन सिक्लिडच. काही वर्षांत त्याने तिथले पूर्वी सर्रास दिसणारे बहुतेक स्थानिक मासे जवळपास संपवले, आणि १९७३ साली शास्त्रज्ञांनी ते नोंदवलं. जे गुण टाकीत आपल्याला आवडतात, पिल्लांची राखण, हद्दीसाठी झुंज, काहीही खाण्याची तयारी, तेच तलावात बाकीच्यांवर उलटतात. आणि जे तिथे टिकत नाहीत ते उपाशी किंवा रोगाने मरतात. मोकळं होणं यांपैकी कशातच नाही.

पिल्लं नको असतील तर अंडी घातल्याच्या दिवशीच पाटी किंवा दगड बाहेर काढा, पुसा, परत ठेवा. किंवा अंडी तशीच राहू द्या आणि टाकीत बाकीचे मासे असू द्या, अंडी सकाळपर्यंत उरत नाहीत. मी आता वर्षातून दोनच खेपा वाढवतो, ज्यांना पिल्लं हवी आहेत त्यांची नावं वहीत आधी लिहून घेतो, आणि त्या यादीत जितकी नावं असतील त्या मानानेच अंडी ठेवतो. या पावसाळ्यासाठी आत्तापर्यंत सात घरं झाली आहेत, त्यातली चार एकाच इमारतीतली.